कडक न्यायासाठी नवा पक्ष काढलाय : कोल्हापुरात लोकांपुढं काय घेऊन जावं?

उत्तरेश्वरची_लेक (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार. बरंच लिहायचं आहे, वेळ काढून वाचावं ही विनंती.

मी पेठेत शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश आणि सणाला घरच्यांचे शर्ट. २०१७ च्या नोव्हेंबरात माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. गाडी कुणाच्या दारात लावली यावरून शब्दाला शब्द वाढला आणि एकजण घरात जाऊन चाकू घेऊन आला. सीपीआर दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो २६ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी आरोपी जामिनावर सुटला. त्या जामिनाच्या सुनावणीला मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला गेले होते, तीन वेळा. मागच्या बाकावर बसले आणि परत आले. मयताच्या घरच्यांना तिथं बोलता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

साक्षी सुरू व्हायला सहा वर्षं लागली. माझ्या साक्षीच्या दिवशी खाकी कागदाचं पुडकं फोडलं. वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. आतून शर्ट काढला आणि विचारलं, ओळखता का? मी म्हटलं, ओळखते, मीच शिवलाय, त्या दसऱ्याला. वरून तिसरं काज मशीनवर बिघडलं होतं, म्हणून ते मी हातानं केलं होतं, जरा जाड दोऱ्यानं. रक्त वाळून काळं पडलेलं, कापड पापडासारखं झालेलं, पण ते काज तसंच होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

माझ्यानंतर जो साक्षीदार होता त्यानंच भावाला रिक्षात घातलं होतं. पिंजऱ्यात उभा राहून तो सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडं बघत होता. म्हणाला, मी त्या दिवशी गावाला होतो. फितूर झाला. त्याला दोन लेकी आहेत आणि आरोपीचं घर त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मी त्याला आजवर एक शब्दही बोललेली नाही.

तारखांना बसून बसून ओळखी होतात. कुणाचा मुलगा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं उडवलेला, कुणाची मुलगी जाळलेली. व्हरांड्यातल्या त्या ओळखींतून १७ घरं एकत्र आली आणि आम्ही पक्ष काढायचं ठरवलं. १०० मतदार सदस्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा केली, १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट जोडला आणि स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत निवडणूक आयोगाकडं अर्ज पाठवला. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला इथं प्रचार करायचा नाही, सल्ला हवा आहे.

आमच्या पत्रकावर तीन मागण्या आहेत. खुनाला फाशीच. हत्यार वापरलं तर जामीन नाही. आणि एका वर्षात निकाल. दर रविवारी आम्ही पाच-सहा जणी दारोदार फिरतो. लोक ऐकून घेतात, चहा देतात, डोळ्यांत पाणी आणतात आणि शेवटी म्हणतात, "ताई, तुमचं खरं हाय, पर मत वाया जाईल."

तेही सोसलं असतं. पण मागच्या रविवारी एका दारात एका आईनं पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "माझा ल्योक कळंब्याच्या जेलात हाय. जबरी चोरीची केस. पयलाच गुन्हा. तीन वर्सं संपून चवथं लागून चार म्हैने झालं, केस अजून उभी ऱ्हायली न्हाई. मी दर मंगळवारी जातो भेटाय. त्यानं केलं असंल तर द्या की शिक्षा, माझं काय म्हणणं न्हाई. पर सांगा तरी, केलंय का न्हाई." आणि आत जाऊन मला तांब्याभर पाणी घेऊन आली.

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी पुढच्या घरी गेलेच नाही.

तर माझे प्रश्न असे. आमच्यासारख्या लहान पक्षानं नेमकं काय मागावं? जे मागतोय ते आमच्या हातचं आहे का? की पक्षाचा नादच सोडावा?

---

तालमीचा_गडी (रविवार, रात्री १०.१५)

ताई, वाचून हात जोडले.

माझं प्रामाणिक मत सांगतो. कोल्हापुरात मोठ्या गोष्टी कृती समितीनं मिळवल्यात. टोलविरोधी आंदोलनाचं उदाहरण घ्या. एन. डी. पाटील सर, कॉम्रेड पानसरे आणि सगळ्या पक्षांची माणसं एकाच गाडीवर उभी राहिली. आमची तालीम, शेजारची तालीम, फेरीवाले, डॉक्टर सगळे रस्त्यावर. म्हातारी माणसं मोर्चात चालताना मी बघितलीत. २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. कुठल्याही एका पक्षाच्या झेंड्याखाली ते झालं नसतं.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचंही तेच. चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी, सहा जिल्ह्यांचे वकील, उपोषणं, कामबंद. शेवटी १७ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, उद्घाटन झालं. आता जामिनासाठी तुमच्यासारख्या कुणाला महालक्ष्मीनं जायला नको, सीपीआरसमोरच्या इमारतीत सुनावणी होते.

पक्ष म्हटला की समोरचा आधी विचारतो, तुम्ही कुणाच्या विरोधात? समिती म्हटली की विचारतो, मी काय करू? आमच्या तालमीत बैठक घ्यायची असेल तर हॉल तुमचा. जेवणाची सोय आम्ही करतो.

---

गडहिंग्लजकर (सोमवार, सकाळी ७.०५)

मी एकदा लहान पक्षाकडून विधानसभा लढवलो आहे, म्हणून हिशेब सांगतो. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातले १० सूचक लागतात, मोठ्या पक्षांना एकच पुरतो. अनामत १०,००० रुपये. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जाते. माझी गेली. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, हे फार जणांना माहीत नसतं. महापालिका, जिल्हा परिषद लढायची तर राज्य निवडणूक आयोगाकडं पक्षाची वेगळी नोंदणी लागते. आणि नोंदणी करून गप्प बसता येत नाही. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांची नावं आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढून टाकली.

तरी मी म्हणेन, पक्ष सोडू नका. उमेदवार म्हणून उभं राहिलं की दुसऱ्या उमेदवाराला भर सभेत विचारता येतं. उमेदवारावरचे गुन्हे वर्तमानपत्रात तीनदा छापणं बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरातली जाहिरात कापून, मोठी करून दारोदार दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही ते केलं होतं. मतं कमी पडली, पण ती जाहिरात लोकांनी वाचली.

शिक्षा कडक हवी, यात मला शंका नाही. गळ्यातलं ओढून नेलं तर नव्या कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं. माझ्या आईच्या मानेवर अजून वळ आहे.

---

जुनी_सनद (सोमवार, दुपारी २.३०)

ताई, मी ३१ वर्षं फौजदारी वकिली करतोय, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला वाईट वाटेल असं काही लिहावं लागेल.

तुमची पहिली मागणी कायद्यात आधीपासून आहे. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, पूर्वी कलम ३०२ खाली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत. त्याच्यावर वाढवायला जागाच नाही. उद्या नवा कडक कायदा आलाच, तरी घटनेच्या अनुच्छेद २० प्रमाणे तो मागच्या गुन्ह्याला लागत नाही. तुमच्या भावाचा खटला जुन्याच कायद्यानं चालणार आहे. तुमच्या भावाला न्याय मिळत नाहीये तो शिक्षा हलकी आहे म्हणून नाही. साक्षीदार घाबरला म्हणून आणि सहा वर्षं गेली म्हणून.

कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. गावित बहिणींचा खटला. लहान मुलांची अपहरणं, खून. इथल्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती फाशी जन्मठेपेत बदलली. कारण? दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारी यंत्रणेनं जवळपास आठ वर्षं लावली. देशातली सगळ्यात कडक शिक्षा लागलेली होती. फायली टेबलावर पडून राहिल्या आणि ती गेली. पानसरेंवर गोळ्या झाडल्या फेब्रुवारी २०१५ मध्ये, आरोपनिश्चिती झाली २०२३ मध्ये. इथंही कायद्यात फाशी होतीच की.

दुसरं, हे कुणाच्या हातात आहे? फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्यानं केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही केलं तर राष्ट्रपतींची संमती लागते. आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक एकमतानं मंजूर केलं होतं. फाशीची तरतूद होती, तपासाला मुदत होती. ती संमती मिळाली नाही. २८८ आमदारांच्या सभागृहाला जे जमलं नाही ते १७ घरांच्या पक्षाच्या पत्रकावर पहिल्या ओळीत आहे.

पण पोलीस आणि तुरुंग राज्याच्या सूचीत आहेत. सरकारी वकिलांच्या नेमणुका, न्यायालयांना जागा, कर्मचारी, पैसा हे राज्याकडं येतं. तिथं आमदाराला धरता येतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं लिहिलंय. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, असं लिहिलंय. सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञानं जायचं, असंही आहे. ९० दिवसांत फोन आलेला एकतरी फिर्यादी तुमच्या पेठेत आहे का, हे दारोदार विचारत फिरा. ते तुमचं खरं पत्रक.

तिसरं, तुमच्यापुरतं. सरकारी वकिलाच्या मदतीला तुम्ही स्वतःचा वकील देऊ शकता. जामिनासह प्रत्येक टप्प्यावर तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. निर्दोष सुटला तर अपील करण्याचा हक्कही तुम्हाला आहे. किती साक्षीदार बाकी आहेत?

---

उत्तरेश्वरची_लेक (सोमवार, रात्री ११.१०)

सर, चार बाकी आहेत. त्यातला एकच प्रत्यक्ष बघणारा. शेजारचा पोरगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आता त्याचं लग्न ठरलंय.

तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. रागही आला, खोटं कशाला बोलू. फाशीची मागणी माझ्या आईची आहे. ती बाकी काही मागत नाही. घरी जाऊन तिला कलम आणि सूची कशी सांगू?

---

ठाणे_अंमलदार_निवृत्त (मंगळवार, सकाळी ६.२०)

बाळ, मी खात्यात ३३ वर्षं काढली. कुठं ते सांगत नाही. वकीलसाहेब म्हणतात ते बरोबर आहे, पण खटला पडायला सुरुवात कोर्टात होत नाही, पहिल्या दिवशी होते.

पंचनाम्याला पंच कोण? जो हाताशी सापडेल तो. आमच्या वेळी चहाच्या गाड्यावरचा एकच माणूस कितीतरी पंचनाम्यांत पंच असायचा. चार वर्षांनी आरोपीचा वकील त्याला विचारायचा, आजवर किती केसमध्ये पंच झालात? संपलं. मी हे केलंय. मला त्याची लाज वाटते म्हणूनच लिहितोय.

साक्षीदाराचं तसंच. समन्स घेऊन हवालदार दारात जातो, गणवेशात, सगळी गल्ली बघते. कामाचा दिवस बुडवून माणूस कोर्टात येतो, साहेब रजेवर, पुढची तारीख. तीनदा असं झालं की चौथ्यांदा तो येत नाही, किंवा येतो आणि काही आठवत नाही म्हणतो. लोक म्हणतात पैसे खाल्ले. मी पाहिलेले बहुतेक पैसे न खाताच फिरले होते.

त्या पोराचा विचार आजच कर. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेली. जिल्ह्याची समिती असते, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष. अर्ज गेला की पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात. साक्षीच्या दिवशी घरून कोर्टात सोबत देणं, आरोपीशी समोरासमोर येऊ न देणं, एवढं तरी मिळतं. पण अर्ज त्या पोरानं, घरच्यांनी, त्याच्या वकिलानं किंवा तपास अधिकाऱ्यानं द्यायला हवा. सरकारी वकिलांना भेट, पैरवी अधिकाऱ्याला, म्हणजे कोर्टात केसचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाला, भेट. आणि त्याला लग्नाच्या धांदलीत एकट्याला जाऊ देऊ नकोस. तुझ्या पक्षातले दहा जण नुसते व्हरांड्यात बसले तरी त्याच्या पायात बळ येईल. त्याच्याशी साक्षीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. शिकवलेला साक्षीदार उलटतपासात टिकत नाही.

---

जुनी_सनद (मंगळवार, सकाळी १०.४५)

अंमलदार साहेबांना दुजोरा.

आणखी एक, काल राहून गेलं. त्या आईचा मुलगा. पहिलाच गुन्हा असेल, दुसरी कुठली केस नसेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याला जामिनावर सोडायला हवं. अर्ज तुरुंग अधीक्षकानंच करायचा असतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागत नाही, साध्या जबरी चोरीला लागतं. दहा वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे तीन वर्षं चार महिने. तिनं तुम्हाला सांगितलेला हिशेब नेमका तेवढाच आहे. ती केस जुन्या कायद्यातली असली तरी हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. केस नंबर हवा.

तुम्ही कडक कायदा मागणाऱ्या, आणि मी तुम्हाला एका आरोपीला सोडवायची वाट सांगतोय, हे मला कळतं. नको असेल तर नका करू.

---

उत्तरेश्वरची_लेक (पुढचा रविवार, रात्री ९.००)

सगळ्यांचे आभार. आठवडाभर लिहायला जमलं नाही, कारण फिरत होते.

आईला सांगितलं. कलम नाही सांगितलं. तिला विचारलं, तुला त्याला फाशी झालेली बघायचीय की त्यानंच केलं असं साहेबानं मोठ्यानं म्हटलेलं ऐकायचंय? ती बराच वेळ शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, "म्हनू दे की आधी." मागणी पत्रकावरून काढलेली नाही, आईची आहे. पण आता ती शेवटी आहे.

वर काय आहे ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा. "तुमच्या तक्रारीचं काय झालं हे ९० दिवसांत कुणी कळवलं का? दोनपेक्षा जास्त तारखा का पडल्या, हे कुणी सांगितलं का? साक्ष द्यायला जाताना सोबत कोण होतं?" खाली रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. लोकांनी तिथं लिहून द्यायचं. आज ४२ घरं फिरलो, १९ जणांनी भरून दिलं. एकानं तर मागचं पानही भरलं. ९० दिवसांत कळवल्याचं एकानंही लिहिलेलं नाही. गोळा झालेले कागद घेऊन आमदारांकडं आणि पालकमंत्र्यांकडं जायचं आहे. तालमीच्या दादांनी पुढच्या शनिवारी हॉल दिलाय. बैठक समितीच्या नावानंच घेणार. आयोगाकडचा अर्ज मागे घेणार नाही, गडहिंग्लजच्या दादांचं पटलं.

शेजारच्या पोराच्या वडिलांनी अर्जावर सही केली. आधी नाही म्हणाले होते. मी परत गेले नाही, माझी आई गेली. शुक्रवारी अर्ज दिला, पोच घेतली. साक्षीबद्दल आम्ही दोघीही काही बोललो नाही, साहेब. लग्नाचे ब्लाऊज मात्र माझ्याकडं शिवायला आलेत.

आणि त्या आईकडंही गेले. मला बघून तिला वाटलं परत पत्रक द्यायला आले. मी म्हटलं, केस नंबर हवाय. तिच्याकडं तो एका औषधाच्या पाकिटावर लिहिलेला होता, कुणीतरी निळ्या पेननं, शेवटचे दोन आकडे पुसलेले. मुलाला पाठ आहे म्हणाली. परवा मंगळवार आहे. सकाळी नऊला कळंब्याला जातोय, ती आणि मी.

वकीलकाका, बुधवारी तुमच्याकडं आलं तर चालेल का?